स्पोर्ट्स डेटाची एजंटसाठीची टूल्स: डेटा एक नंबर, डॉक्युमेंटेशन अर्धं कच्चं

पाचपैकी साडेतीन स्टार, आणि जे दीड कापलेत ते जवळपास सगळे डॉक्युमेंटेशनचे, डेटाचे फारसे नाहीत.

आधी हा रिव्ह्यू कशाचा ते सांगतो. बऱ्याच खेळांचा डेटा एका ठिकाणी देणारी एक पेड सर्व्हिस आहे, क्रिकेट, फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, टेनिस, फॉर्म्युला वन सगळं त्यात येतं, आणि त्यांनी एआय एजंटसाठी वेगळा एमसीपी सर्व्हर काढलाय, म्हणजे तुमचा एजंट स्वतःच त्यांची टूल्स वापरून स्कोअर, आकडेवारी, वेळापत्रक शोधून आणतो, मध्ये तुम्हाला कोड लिहित बसायची गरज नाही. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण या धंद्यातल्या बऱ्याच जणांची अवस्था उन्नीस-बीस हीच आहे आणि एकालाच धरून झोडपण्यात अर्थ नाही, तुम्ही जी कुठली सर्व्हिस घ्यायच्या विचारात असाल तिला खालच्या गोष्टी लावून बघा.

ज्यांना एमसीपी माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की मॉडेल कंटेक्स्ट प्रोटोकॉल ही एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडून द्यायची पद्धत, ॲन्थ्रॉपिक या एआय कंपनीने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली आणि नंतर बाकीच्यांनीही उचलली. मॉडेलच्या हातात प्रत्येक टूलबद्दल काय पडतं? टूलचं नाव, एक वर्णन, आणि इनपुटची स्कीमा, म्हणजे टूलला कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा साचा. बास. तुमच्या वेबसाइटवर कितीही सुंदर डॉक्युमेंटेशन असू दे, डावीकडे मेन्यू, उजवीकडे रंगीत उदाहरणं, डार्क मोड वगैरे, मॉडेल ते उघडून बघत नाही, ते त्या वर्णनाच्या चार ओळी वाचतं आणि धडाधड कामाला लागतं. माणूस डेव्हलपर अडला की गुगल करतो, सहकाऱ्याला विचारतो, एकदा डेटा मागवून आलेलं उत्तर डोळ्यांनी बघतो आणि म्हणतो अरे हे काहीतरी गडबड आहे. एजंट अडतच नाही ना, तीच तर मेख आहे, तो चुकीचा आकडा घेऊन तितक्याच आत्मविश्वासाने पुढे जातो.

चांगल्यापासून सुरुवात करू, कारण चांगलं खरंच चांगलं आहे. नावं आणि आयडी हा भाग या लोकांनी मनापासून केलाय. खेळाडू शोधायच्या टूलच्या वर्णनात स्वच्छ लिहिलंय की आयडी कधीही अंदाजाने टाकू नका, आधी नावाने शोधा, एकापेक्षा जास्त सापडले तर जन्मवर्ष आणि संघ बघून ठरवा, तरी ठरत नसेल तर युजरला विचारा. आणि उत्तरातही आयडीसोबत जन्मवर्ष, देश, कुठल्या काळात खेळला हे सगळं येतं, नुसतं नाव येत नाही. रोनाल्डो म्हटलं की १९७६ साली जन्मलेला ब्राझीलचा की १९८५ सालचा पोर्तुगालचा, आणि दोघेही रेआल माद्रिदला खेळलेत, त्यामुळे संघाचं नाव देऊनही प्रश्न सुटत नाही, जन्मवर्षच लागतं. बेसबॉलमध्ये तर याहून कहर आहे, केन ग्रिफी बाप आणि केन ग्रिफी मुलगा १९९० साली सिॲटलच्या एकाच संघात खेळत होते, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघांनी लागोपाठ होमरन मारलेत, आता सांगा फक्त नाव, संघ आणि वर्ष घेणारं टूल इथे काय करणार?

हे कोडं जुनंय आणि फुकट डेटा देणाऱ्यांनी ते कधीच सोडवलंय, हेही सांगायला पाहिजे. बेसबॉलचं रेट्रोशीट १९८९ पासून चालू आहे आणि त्यांचा खेळाडूचा आयडी आडनावाची पहिली चार अक्षरं, नावाचं एक अक्षर आणि तीन आकडे असा असतो, वाचूनच अर्धं कळतं कोण ते. क्रिकेटमध्ये क्रिकशीटने माणसांचं रजिस्टरच ठेवलंय, तिथला आयडी आणि इतर साइटवरचे आयडी यांची जुळवणी त्यात असते. या पेड सर्व्हिसने तिथूनच धडा घेतला असणार असं मला वाटतं, घेतला असेल तर चांगलंच केलं.

संघांच्या नावांचंही तेच, इथे त्यांना पैकीच्या पैकी. आयपीएलमध्ये डेअरडेव्हिल्सचे कॅपिटल्स झाले, किंग्स इलेव्हनचे पंजाब किंग्स झाले, बँगलोरचं २०२४ मध्ये बंगळुरू झालं, पण हे तेच संघ आहेत, उलट डेक्कन चार्जर्स आणि सनरायझर्स हैदराबाद हे शहर एक असूनही वेगवेगळे संघ आहेत, त्यांचा इतिहास जोडायचा नाही. पुण्याचा संघ तर २०१६ मध्ये सुपरजायंट्स होता आणि २०१७ मध्ये नुसता सुपरजायंट, एक अक्षर गेलं आणि निम्मी स्क्रिप्टं झोपली. अमेरिकन बास्केटबॉलमध्ये शार्लटचा हॉर्नेट्स संघ २००२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गेला, शार्लटला पुढे बॉबकॅट्स नावाचा नवा संघ मिळाला, न्यू ऑर्लिन्सवाले २०१३ मध्ये पेलिकन्स झाले, मग २०१४ मध्ये बॉबकॅट्सनी हॉर्नेट्स हे नाव घेतलं आणि सोबत १९८८ ते २००२ चा इतिहासही परत घेतला. डोकं गरगरलं ना? पण संघाच्या टूलच्या वर्णनात ही गोष्ट एका वाक्यात बसवलीये, की आयडी हा फ्रँचायझीचा असतो, नाव त्या त्या मोसमाचं असतं, आणि इतिहास अधिकृत लीग जसा मोजते तसा मोजलाय. एवढं एक वाक्य मॉडेलला पुरतं, पाहिजे तर तुम्ही करून बघा.

आता सीझन. इथे मात्र सगळं ओम्फस्. इनपुटमध्ये 'सीझन' नावाचं एक फील्ड आहे, प्रकार लिहिलाय स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, आणि मी वापरलं तेव्हा वर्णन होतं 'सीझनचं वर्ष'. झालं. अहो पण कुठलं वर्ष? एनबीएचा, म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल लीगचा मोसम ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षी जूनमध्ये संपतो, तर २०२३-२४ च्या मोसमासाठी मी २०२३ टाकू, २०२४ टाकू का २०२३-२४ असं पूर्ण लिहू? एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा मोसम एका वर्षाच्या नावाने ओळखतात आणि त्याची फायनल, सुपर बोल, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत होतो. युरो २०२० झाली २०२१ मध्ये, टोकियो २०२० ऑलिंपिकपण २०२१ मध्ये. आणि क्रिकेटवाल्यांना वाटत असेल आपलं बरंय, एका कॅलेंडर वर्षात आयपीएल उरकते, तर क्रिकशीटच्या फाइली उघडून बघा, पहिल्या आयपीएलचा म्हणजे २००८ चा मोसम तिथे २००७/०८ असा लिहिलाय, २०१० चा २००९/१०, आणि २०२० चा २०२०/२१, मधल्या बऱ्याच वर्षांना सरळ एकच वर्ष आहे. त्यात चूक काही नाही, त्यांची एक पद्धत आहे, पण ती माहीत नसलेला एजंट २००८ टाकतो आणि हात हलवत परत येतो.

तर अशा ठिकाणी स्कीमामध्ये पर्यायांची यादी द्यायची असते, किंवा निदान वर्णनात लिहायचं असतं की मोसम दोन वर्षांत पसरला असेल तर सुरू होण्याचं वर्ष टाका, उदाहरणार्थ अमुक. एक ओळ! ती ओळ वेबसाइटवर आहे, बरं का, मी शोधली, 'सामान्य संकल्पना' नावाच्या पानाच्या तळाशी आहे. म्हणजे कोणाला तरी माहीत होतं, कोणीतरी लिहिलंही, फक्त जो वाचणारे त्याच्यापर्यंत पोचवलं नाही.

आणि इथून पुढे जे होतं तो या अख्ख्या रिव्ह्यूचा मुख्य मुद्दा आहे, म्हणून थोडं रेंगाळतो. एजंटने चुकीचा सीझन टाकला की टूल काय परत करतं? रिकामी यादी. दोन चौकोनी कंस, मध्ये काही नाही. एरर नाही, इशारा नाही, सगळं यशस्वी. खेळाडूचा आयडी बरोबर पण तो त्या स्पर्धेत खेळलाच नाही, तरी रिकामी यादी. मॅच व्हायचीये अजून, रिकामी यादी. त्या स्पर्धेचा डेटा या सर्व्हिसकडे मुळातच नाही, तरी रिकामी यादी. तुमचा प्लॅन खालचाय आणि त्यात ती लीग येत नाही, तर त्यालाही, तुम्ही ओळखलंत. पाच वेगळ्या गोष्टींना एकच उत्तर, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये रिकाम्या यादीचा अर्थ काय यावर एक अक्षर नाही.

माणसाने वापरायच्या एपीआयला, म्हणजे डेव्हलपर कोडमधून डेटा मागवतो त्या सोयीला, हे खपून जात होतं. मॉडेलच्या बाबतीत खपत नाही, आणि खेळाच्या डेटामध्ये तर अजिबात नाही, कारण मॉडेलला खेळांबद्दल आधीपासून भरपूर माहिती असते. त्याने ट्रेनिंगमध्ये हजारो स्कोअरकार्ड, बातम्या, चर्चा वाचलेल्या असतात. तुम्ही एखाद्या गोदामातल्या मालाचा साठा विचारला आणि टूलने रिकामं उत्तर दिलं तर मॉडेलकडे दुसरं काही नसतं, त्याला म्हणावंच लागतं की सापडलं नाही. पण २०११ च्या फायनलमध्ये कोणी किती केले असं विचारलं आणि टूल रिकामं आलं तर ते आठवणीतून सांगून मोकळं होतं, बऱ्याचदा बरोबरही सांगतं, आणि तिथेच घात आहे, कारण मग पुढे कमी प्रसिद्ध मॅचबद्दल विचारलं की त्याच थाटात काहीतरी ठोकून देतं आणि उत्तर डेटातून आलंय का आठवणीतून हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून टूलच्या वर्णनात हे लिहिलंच पाहिजे की रिकामं आलं तर आठवणीतून भरू नका, आणि उत्तरात कारण गेलं पाहिजे: या स्पर्धेचा डेटा अमुक सालापासून आहे, किंवा हा मोसम आमच्याकडे नाही, जवळचे हे हे आहेत. आम्ही शेवटी टूल आणि एजंटच्या मध्ये स्वतःच्या कोडचा एक थर टाकून हे केलं. पैसे भरून घेतलेल्या गोष्टीला स्वतः ठिगळ लावायला लागणं जिवावर येतं, पण इलाज नव्हता.

आता आकड्यांकडे वळू, इथे खेळ माहीत असलेल्या माणसाने डॉक्युमेंटेशन लिहिलंय का फक्त कोड माहीत असलेल्याने, हे लगेच कळतं.

ओव्हर घ्या. स्कोअरकार्डवर १९.४ ओव्हर लिहिलेलं असतं ते दशांश नसतं, ते एकोणीस ओव्हर आणि चार बॉल, म्हणजे ११८ बॉल. टूल ते 'ओव्हर्स' या फील्डमध्ये नंबर म्हणून १९.४ असं पाठवतं आणि वर्णन आहे 'टाकलेली षटकं'. १७७ रन्स १९.४ ओव्हरमध्ये, रनरेट किती? बरोबर उत्तर ९. एजंटने सरळ भागाकार केला तर ९.१२. फरक छोटा दिसतो पण नेट रनरेटवर क्वालिफाय होण्याच्या गणितात याच फरकाने संघ घरी जातात. शिवाय नेट रनरेटमध्ये संघ ऑलआउट झाला तर खेळलेल्या ओव्हर नाही तर पूर्ण कोटा धरायचा असतो, ते तर वर्णनात कुठेच नाही. बेसबॉलमध्येही हीच गंमत, तिथे एका इनिंगचे तीन आउट, म्हणून पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) ६.२ इनिंग म्हणजे सहा आणि दोन तृतीयांश, आणि ६.२ व ७.२ ची बेरीज होते १४.१, एजंट मात्र १३.४ सांगतो जो आकडा त्या पद्धतीत असूच शकत नाही, पॉइंटनंतर शून्य, एक नाहीतर दोनच येतं. उपाय काय, तर बॉल आणि आउटची संख्या पूर्णांकात द्या, १९.४ पाहिजे तर दाखवण्यासाठी वेगळं द्या, आणि कशावर गणित करायचं ते वर्णनात लिहा. हां, आणि एका ओव्हरमध्ये किती बॉल हेही द्या, कारण ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ बॉलच्या ओव्हर होत्या. क्रिकशीटच्या फाइलीत एका ओव्हरचे बॉल किती हे प्रत्येक मॅचच्या माहितीत दिलेलं असतं, फुकट मिळणाऱ्या फाइलीत. ओव्हरची मोजणी मात्र तिथे शून्यापासून सुरू होते, तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर 'अठराव्या ओव्हरमध्ये किती गेले' याला एजंट एकोणिसावी सांगेल.

सरासरीचं असंच. ब्रॅडमनच्या ६९९६ रन्स ८० इनिंगमध्ये, त्यातल्या १० नाबाद, म्हणून भागायचं ७० ने आणि येतं ९९.९४. ८० ने भागलं तर ८७.४५. आता ९९.९४ हा आकडा इतका प्रसिद्ध आहे की मॉडेल तिथे चुकणार नाही, पण एखाद्या स्थानिक लीगच्या फिनिशरची सरासरी काढायला सांगा, जो अर्ध्या वेळा नाबाद राहतो, मग बघा मजा. टूलमध्ये 'इनिंग्स' फील्ड आहे, 'नाबाद' फील्डही आहे, पण सरासरी या दोन्हीतून कशी येते ते लिहिलेलं नाही, आणि तयार सरासरी काही खेळाडूंना येते काहींना येत नाही.

कोण जिंकलं या प्रश्नाइतका साधा प्रश्न नाही असं तुम्हाला वाटत असेल. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स. इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१, सुपर ओव्हर १५-१५, मग बाउंड्री २६ विरुद्ध १७ म्हणून इंग्लंड विश्वविजेते. टूलमध्ये 'निकाल' हे एक फील्ड आणि 'विजेता' हे दुसरं. निकालात टाय लिहिणार का विजय? विजेत्यात इंग्लंड का रिकामं? दोन्ही पद्धती चालतील, पण कुठली ते सांगा. तसंच १८ डिसेंबर २०२२ ची फुटबॉल वर्ल्डकप फायनल, ९० मिनिटांत २-२, जादा वेळेनंतर ३-३, पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. इथे मी या सर्व्हिसची मनापासून तारीफ करतो, फुटबॉलच्या टूलमध्ये ९० मिनिटांचा, १२० मिनिटांचा आणि शूटआउटचा असे तीन वेगळे स्कोअर आहेत आणि वर्णनात स्पष्ट लिहिलंय की शूटआउटचे गोल खेळाडूच्या खात्यात धरू नका. फुटबॉलचा भाग लिहिणारा माणूस नक्की फुटबॉल बघणारा आहे. क्रिकेटचा भाग लिहिणारा, जाऊ दे.

टेनिसमध्ये वॉकओव्हर (मॅच सुरू व्हायच्या आधीच माघार) आणि मध्येच सोडलेली मॅच यात फरक आहे, पुरुषांच्या टूरवर वॉकओव्हर हेड-टू-हेडमध्ये, म्हणजे दोघांच्या आपसातल्या हिशोबात, मोजत नाहीत, मॅच सुरू होऊन सोडली तर मोजतात. हे लिहिलंय, छान. फॉर्म्युला वनमध्ये पॉइंट हा पूर्णांक ठेवलाय, आणि हे मला अजिबात पटलं नाही. २०२१ मध्ये बेल्जियमच्या पावसात धुतलेल्या रेसला अर्धे पॉइंट दिले, व्हर्स्टॅपनला १२.५, आणि त्या मोसमाअखेर त्याचे ३९५.५ आणि हॅमिल्टनचे ३८७.५ झाले. त्या पूर्णांकात हे अर्धे कुठे गेले? गोल करून वर गेले, दोघांचे ३९६ आणि ३८८ दिसतात. स्कीमा लिहिताना एकदा इतिहास चाळला असता तर हे झालं नसतं.

फुटबॉलमधल्या शॉट्सच्या जागा देणारं टूल आहे, त्यात एक्स आणि वाय असे दोन आकडे येतात. फुटबॉलचा डेटा देणाऱ्या कंपन्यांपैकी स्टॅट्सबॉम्बच्या डेटामध्ये मैदान १२० बाय ८० धरतात, ऑप्टाच्या पद्धतीत १०० बाय १००. या सर्व्हिसमध्ये काय धरलंय हे वर्णनात नाही, मोठा आकडा कुठपर्यंत जातो ते बघून ओळखायचं. स्टॅट्सबॉम्बने स्वतःचा काही डेटा गिटहबवर खुला ठेवलाय आणि त्यासोबत प्रत्येक फील्डचा अर्थ सांगणारी पीडीएफ आहे, तशी असली की जीव भांड्यात पडतो.

वेळेचं थोडक्यात. मॅचच्या सुरुवातीची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येते, शेवटी त्याची खूण म्हणून झेड लावून, व्यवस्थित. पण शोधायच्या टूलमध्ये 'तारीख' टाकायची असते ती यूटीसीची का मैदानावरची, हे लिहिलेलं नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी मॅच यूटीसीमध्ये दुसऱ्या दिवशी असते, म्हणजे एजंटने मंगळवारचं मागितलं की सोमवारचं येतं नाहीतर काहीच येत नाही, आणि काहीच आलं नाही की परत ती रिकामी यादी आणि परत तेच रामायण. चालू मॅचच्या उत्तरात डेटा कोणत्या क्षणाचा आहे ते फील्ड दिलंय हे बरं केलं, एजंटला 'अमुक वाजेपर्यंतचा स्कोअर' असं सांगता येतं.

एरर मेसेज मिश्र आहेत. एमसीपीमध्ये सोय अशी आहे की टूल चालवताना काही फसलं तर ते उत्तरातच एरर म्हणून खूण करून मॉडेलला दाखवायचं, म्हणजे मॉडेल वाचून स्वतःला सुधारतं. इथे चुकीची लीग टाकली तर 'ही लीग ओळखता आली नाही, यापैकी एक वापरा' म्हणून यादी येते आणि एजंट पुढच्याच कॉलला सुधारतो, बघायला मस्त वाटतं. पण तारखेचा फॉरमॅट चुकला की नुसतं 'बॅड रिक्वेस्ट' येतं, आणि एजंट तीच तारीख हट्टाने परत परत टाकत बसतो, त्या नादात ४२९ हा 'फार वेळा विचारलंत, थांबा' असा एरर लागतो, मग किती वेळ थांबायचं तेही मजकुरात येत नाही, उत्तरासोबतच्या तांत्रिक हेडरमध्ये असतं जे मॉडेलला दिसत नाही.

टूल्सची संख्या जास्त आहे राव. मॅच आणा, फिक्श्चर आणा, गेम आणा अशी तीन टूल्स आहेत आणि तिघांच्या वर्णनात जवळपास एकच वाक्य आहे. माझ्या समजुतीप्रमाणे फिक्श्चर म्हणजे न झालेल्या आणि गेम म्हणजे अमेरिकन खेळांच्या, पण ही माझी समजूत झाली, मॉडेलने का समजून घ्यावं? प्रत्येक वर्णनात 'हे कशासाठी वापरू नये' असं एक वाक्य घातलं तर निम्मी गल्लत संपेल. आणि ही सगळी वर्णनं संभाषणात मॉडेलच्या डोक्यावर सतत बसलेली असतात, टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातात, त्यामुळे मी वर जे जे लिहा म्हणतोय ते सगळं प्रत्येक टूलमध्ये कोंबा असंही नाही. ओव्हरची गोष्ट जिथे ओव्हर येतात तिथेच, फील्डच्या वर्णनात. त्यासाठी जून २०२५ च्या एमसीपी आवृत्तीत उत्तराचीही स्कीमा देता येते, यांनी ती अजून वापरलेली नाही, इनपुटचीच आहे, म्हणून परत आलेल्या आकड्याचा अर्थ सांगायला अधिकृत जागाच नाही त्यांच्याकडे. खरं तर निम्म्या तक्रारींचं मूळ हेच असावं.

वेबसाइटच्या मुळाशी एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल ठेवलीये, जी २०२४ पासून बरेच जण ठेवतात, मॉडेलला वाचायला सोपी जावी म्हणून. चांगली आहे, पण एजंट काम करताना ती वाचत नाही, तुमच्यासाठी कोड लिहिणारं मॉडेल वाचतं, या दोन गोष्टी यांनी एकच धरल्यासारख्या वाटतात.

उदाहरणं सगळी गोड गोड. प्रसिद्ध खेळाडू, झालेला मोसम, बरोबर स्पेलिंग, पहिल्याच कॉलला उत्तर. एकही उदाहरण असं नाही ज्यात नाव दोघांचं निघालं, किंवा मॅच पावसाने रद्द झाली, किंवा डकवर्थ-लुईस-स्टर्नने टार्गेट बदललं. एजंटसाठी डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने आधी पन्नासेक तिरके प्रश्न लिहावेत, मॉडेलला टूल्स देऊन ते विचारावेत, आणि जिथे चुकेल तिथलं वर्णन बदलावं. यांनी तसं केलेलं दिसत नाही, निदान क्रिकेटमध्ये तरी.

बदलांची नोंद मात्र नीट ठेवतात. कुठलं फील्ड कधी बदललं, जुनं कधी बंद होणार, सगळं तारखेसकट. या क्षेत्रात हे किती महत्त्वाचं आहे ते फॉर्म्युला वनवाल्यांना विचारा, अर्गास्ट नावाचा फुकटचा एपीआय वर्षानुवर्षं सगळे वापरत होते, २०२४ च्या मोसमानंतर तो बंद झाला आणि त्याच्या जागी जोल्पिका नावाचा त्याच धर्तीचा पर्याय लोकांनी उभा केला म्हणून निभावलं. डेटा कुठे आणि कसा दाखवता येईल, श्रेय कसं द्यायचं, हेही लिहिलंय, पण परत वेबसाइटवर, टूलच्या उत्तरात नाही, त्यामुळे एजंटने बनवलेल्या तक्त्याखाली श्रेयाची ओळ आपण आठवणीने घालायची.

मग घ्यावं का? फुटबॉल आणि टेनिससाठी एजंट बनवत असाल तर डोळे झाकून घ्या. फक्त जुन्या क्रिकेट मॅचेसचं विश्लेषण करायचं असेल तर आधी क्रिकशीट उतरवून स्वतःची दोन-तीन टूल्स लिहून बघा, वर्णनं तुमच्या हातात राहतील. चालू क्रिकेट पाहिजे असेल तर ही सर्व्हिस घ्या पण मध्ये स्वतःचा थर टाकायची तयारी ठेवा, ओव्हर आणि रिकामी यादी या दोघांसाठी तरी. सपोर्टला मी हे सगळं लिहून कळवलं होतं, सीझनचं वर्णन त्यांनी बदललं, आता उदाहरणासकट येतं, फॉर्म्युला वनचे अर्धे पॉइंट 'विचाराधीन' आहेत, आणि रिकाम्या यादीबद्दल उत्तर आलं की ते अपेक्षेप्रमाणेच चाललंय.